बिनगाठीचा दोरा

श्रावण,

तुझ्या सदऱ्याच्या दोऱ्याला गाठ मी मारली. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर नेहमीसारखा इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि मुद्द्याचं राहून जाईल. वैनीला मी सांगितलं, सवयीनं पडली. तिनं विश्वास ठेवला, किंवा ठेवल्यासारखं केलं. इतकी वर्षं तुला सुईत दोरा ओवून देणाऱ्या माणसाचा हात आपोआप गाठ मारणारच, असं कुणालाही वाटेल. पण ती सवयीनं पडली नव्हती. बोटाला थुंकी लावून, दोन वेढे घेऊन, चांगली ओढून घट्ट केली होती. तुला एक गोष्ट सांगायची राहिली होती आणि ती सांगेपर्यंत तू जाऊ नयेस, एवढंच तेव्हा माझ्या मनात होतं.

आता तू म्हणशील, "काऊन गुर्जी, तू तं मानत नाईस ना हे?" नाहीच मानत. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, सालेकस्याच्या बाजारात येणाऱ्या एकूण एक बाबा-बुवाशी भांडलो. तरी मारली. परवा तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. माणसं बरीच आली होती, सगळे चांगलं बोलले, मीही बोललो आणि त्यातलं एकही वाक्य खरं म्हणजे तुझ्यासाठी नव्हतं. आज दुपारी वैनीनं तुझ्या दुकानाची चावी माझ्या हातात दिली. आत जे दिसलं त्यानं मी शटर उघडंच टाकून रस्त्यावर आलो. ते सांगतोच, पण क्रमानं. तुला क्रम चुकलेला आवडायचा नाही.

तर रीत तुझ्या बापाची. गावात कुणी गेलं, मग तो कुठल्याही मोहल्ल्यातला असो, की पांढरं कोरं कापड तुमच्या दुकानात यायचं. ताठलेल्या अंगात बाह्या चढत नाहीत म्हणून पाठीकडून उघडा सदरा तुम्ही शिवून द्यायचात. तो मशीनवर नाही, हातानं, साध्या धावदोऱ्यानं. आणि दोऱ्याच्या टोकाला गाठ न मारता. गाठ मारली की जाणारा अडकतो, असं तुझा बाप म्हणायचा, तू म्हणायचास, आणि मी हसायचो. भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची तसबीर, तिच्याच खाली बसून तू दोऱ्याच्या गाठीला भ्यायचास. मी तसबिरीकडे बोट दाखवायचो, "हे काय लिहून हाये बे? वाच एकदा." तू सुई दातात धरून शांतपणे म्हणायचास, "गाठीचं काई लिहून नाई त्याच्यात."

शाळा सुटली की मी तुझ्या दुकानात येऊन बसायचो. चाळिशीच्या आधीच तुझे डोळे अधू झाले होते, पण चष्मा लावायची लाज. मग दोरा ओवायचं काम माझ्याकडे. मी ओवायचो, टोकाला गाठ मारायचो, सुई तुझ्या हातात द्यायचो. मयताचा सदरा असला की तू नुसतं म्हणायचास, "आज नोको मारू." मागच्या रुळावरून मालगाडी गेली की दुकानाची जमीन थरथरायची आणि तुझ्या मशीनचं चाक आपोआप अर्धा फेरा फिरायचं. नवीन गिऱ्हाईक दचकायचं. तू म्हणायचास, "माहा बाप हाये. गाडी गेली का पाय मारते." गिऱ्हाईक हसायचं. तू हसायचा नाहीस, हे मला फार उशिरा कळलं.

मग तो सिनेमा आला. नवं शतक लागून तीन-चार वर्षं झाली असतील. धानकापणी आटोपली होती आणि मुंबईहून गाड्या भरून माणसं आली. त्यांना जंगल हवं होतं आणि जंगलाला लागून नदी. वाघ नदीच्या काठी तंबू पडले. दुसऱ्याच दिवशी केसांची शेंडी बांधलेला त्यांचा एक पोरगेला असिस्टंट तुझ्या दुकानात शिरला. बसायला स्टूल दिला तर मशीनच्या पाटावर टेकला आणि कहाणी सांगायला लागला. कुठल्याशा दूरच्या देशात दुष्काळ पडला. तिथले गोरे पोटासाठी जहाजात बसून इकडे आले आणि कंपनीच्या फौजेत शिपाई झाले. त्यांना जंगलातली गावं जाळायला पाठवलं. एका गावात चुलीवर शिजत ठेवलेलं आंबील त्यांनी पाहिलं आणि त्यांना आपलं घर आठवलं. त्यातले अकरा जण एका सकाळी नदी ओलांडून गाववाल्यांच्या बाजूला गेले आणि आपल्याच फौजेविरुद्ध लढले.

तू मशीन थांबवून ऐकत होतास. म्हणालास, "म्हंजे आपल्यावानीच. आपले नाई का जात इटाभट्टीवर? कोनाच्याही मालकासाठी खपतेत. मंग पुढं काय झालं त्याइचं?"

असिस्टंट म्हणाला, "फिर क्या, पकडे गये. लटका दिया सबको."

त्याला अकरा कोट हवे होते, चार दिवसांत. नायक मंडळींचे कपडे मुंबईहून आले होते, पण नदी ओलांडणारे अकरा लांबूनच दिसणार होते, म्हणून ते इथलेच घ्यायचे आणि कपडेही इथेच शिवायचे ठरलं होतं. कोट दोन्हीकडून घालता येईल असा हवा. एकीकडून लाल, उलटवला की मातकट. नदीच्या मधोमध उभं राहून सगळ्यांनी अंगातला लाल कोट काढायचा, उलटा करायचा, पुन्हा घालायचा आणि पलीकडच्या काठावर जायचं. असा कोट तू आयुष्यात शिवला नव्हतास. अंग मशीनवर झालं. बाह्या मात्र दोन्हीकडून साफ दिसायला हव्या म्हणून तू त्या हातानं लावल्या. मी चार दिवस शाळा सुटल्यावर सुया ओवत बसलो. त्या चार दिवसांतल्या एका दुपारचं मला सांगायचं आहे. थांब जरा, येतो तिथे.

गोरे व्हायला आपले गावचे नऊ जण आले. दहावा मी, मास्तर असून हौस दांडगी; माझा कोट तू स्वतः निवडून माझ्या हातात दिलास. अकराव्याला ऐन सकाळी ताप भरला, तर शिवलेला कोट वाया जातो म्हणून तुला उभं केलं. मेकअपवाल्यानं आपल्या तोंडाला, मानेला, हाताला पांढरा रंग फासला आणि डोक्यावर भुरे केस चढवले. बुधराम आपला रंग दाखवायला घरी जाऊन आला, तर त्याच्याच बैलानं त्याच्यावर शिंग उगारलं. आपण पोट धरून हसलो. मग धुक्यात नदीकाठी ओळीनं उभे राहिलो आणि हसू आपोआप थांबलं. तोंडं सगळी सारखी. कोण कुठला ते कळेना. मी हळूच "श्रावण" म्हणून हाक मारली तर कुणीच मान वळवली नाही.

पाणी कमरेएवढं होतं आणि गार इतकं की दात वाजत होते. मधोमध गेलो, थांबलो, कोट काढले, उलटवायला लागलो आणि बाह्या निसटायला लागल्या. आधी बुधरामची, मग त्याच्या बाजूच्याची. दोरा नुसता सरसर ओढला जात होता. कुणाची बाही हातात आली, दोन-तीन वाहून गेल्या. लाल बाह्या पाण्यावर तरंगत चालल्या होत्या आणि आपल्या तोंडावरचा पांढरा रंग वितळून छातीवर ओघळत होता. दिग्दर्शक काठावरून ओरडला, "रुकना मत! कमाल है, जैसे चमड़ी उतर रही हो!" त्याला ते फार आवडलं. दुसऱ्यांदा घेतलंच नाही, आणि कोट ज्याचे त्याला देऊन टाकले. तू मात्र आपली सुटलेली बाही हातात धरून पाण्यात उभा राहिलास. तुझं ते रंग ओघळलेलं तोंड मला अजून दिसतं. इतका भ्यालेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

माझ्या बाह्या निघाल्या नाहीत. मी सगळ्यांना सांगत फिरलो, "मी जपून काढला. घिसाडघाई केली का असंच होते." तू ऐकून नुसता हसलास.

सिनेमा गोंदियाच्या थेटरात काही लागला नाही. वर्षभरानं त्या शेंडीवाल्यानं सीडी पाठवली आणि माझ्या घरी बसून आपण ती पाहिली. आपण सगळे मिळून अर्धा मिनिट. शेवटी अकरा जण फासावर जातात, पण ते दुसरेच होते, मुंबईचे. आपण फक्त नदी ओलांडली. तू सीडी थांबवायला लावलीस.

"अकराही मेले," म्हणालास.

"सिनेमात मेले बे."

"कपडे तं मीच सिवले ना. बिनगाठीचे."

तिथून आपला वाद सुरू झाला तो तुझ्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालला. माझं म्हणणं साधं होतं. गाठ कपड्याच्या आतल्या बाजूला लपवतात. दोन्हीकडून घालायच्या कोटाला आतली बाजूच नाही, तर गाठ लपवशील कुठे? म्हणून तू मारली नाहीस आणि बाह्या सुटल्या. कारागिरीची अडचण, दुसरं काही नाही. तू म्हणायचास, नाही. "त्या मुंबईवाल्यानं सांगतलं का हे सारे मरनार हायेत. मनून मी मयताचं सिवतो तसं सिवलं. जित्या मानसाइले मयताचे कपडे घातले मी, गुर्जी." हे तू मला सांगायचास, वैनीला सांगायचास, गावात कुणी विचारलं तर त्यालाही सांगायचास. दर वेळी तेच. मुंबईवाल्यानं सांगितलं.

आणि मी मान खाली घालून सुई ओवत राहायचो.

मग बुधराम गेला. बांधावर साप चावला, दवाखाना गाठेपर्यंत संपला. धानाच्या बांधीत साप काही नवीन नाही. पण त्यानं आपला लाल कोट शेतातल्या बुजगावण्याला घातला होता. लाल बाजू वर, बटणं लावलेली, बाह्यांच्या जागी भाताचं तणस. माती देऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, तू मला ओढत त्याच्या बांधीवर घेऊन गेलास. आजूबाजूला माणूस नाही, पाखरू नाही, उभ्या धानात हवासुद्धा हलत नव्हती. बुजगावण्याचा कोट मातकट झाला होता. उलटवलेला होता.

"कोनं केलं?" तू विचारलंस.

मी म्हणालो, "वाऱ्यानं."

"बटनं काढून, उलटवून, परत बटनं लावते का वारा?"

"मंग त्याच्या बायकोनं धुवाले काढला असन."

"इचारू तिले?"

मी म्हणालो, तिच्या घरात कालच मयत झालं, आता कोटाचं विचारतोस? तिला आपण पुढेही कधी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीच विचारू दिलं नाही, कारण ती "मी नाई" म्हणाली असती तर माझ्याजवळ तिसरं उत्तर नव्हतं.

नंतरच्या वर्षांत आणखी दोघं गेले. एकाची कावीळ, दुसरा कोहमाऱ्याजवळ ट्रकखाली. अकरा माणसांतली इतक्या वर्षांत तीन जाणं यात काय विशेष, असं मी तुला फळ्यावर लिहून दाखवल्यासारखं समजावलं. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "दोघाइचेही कोट घरी जाऊन पायले मी. उलटवलेले होते." त्या दिवशी मी तुझ्यावर चिडलो. तूच जाऊन उलटवतोस, असं तोंडावर म्हणालो. तू माझ्याकडे बघितलंस आणि सुई पुढे केलीस, "ओव." श्रावण, तो आरोप मी मागे घेतो. तेव्हाच घ्यायला हवा होता.

तुझा स्वतःचा कोट दुकानात खुंटीवर होता. नदीतून आणलेल्या बाह्या तू पुन्हा लावल्या होत्यास, पण तशाच, बिनगाठीच्या. मी म्हटलं, इतका भेतोस तर आतातरी गाठ मार की. तुझं उत्तर मी विसरलेलो नाही. "बाकीच्याइचे तसेच गेले. आता मी माह्या कोटाले गाठ मारू? कोन्त्या तोंडानं?" दुकानात येणाऱ्याला तो कोट म्हणजे सिनेमाची आठवण वाटायची. लाल बाजू वर. रोज सकाळी दुकान उघडलं की तू आधी त्याच्याकडे बघायचास, मग कुलूप आत ठेवायचास.

माझा कोट मी शूटिंग संपलं त्याच दिवशी तुझ्याकडे टाकून आलो होतो. मला काय करायचाय, म्हणालो होतो.

आजारपणाचं काही लिहीत नाही. ते तुला ठाऊक आहे आणि मला आठवायचं नाही. शेवटच्या आठवड्यात तू घरीच होतास. मी गोंदियाहून सफरचंद घेऊन आलो, तर वैनी म्हणाली, ते काही खात नाहीत, तुम्हीच खा. तू डोळे मिटून पडला होतास. एकाएकी विचारलंस, "गुर्जी, तुले भेव नाई लागत?"

"कायचं?"

"तूही तं त्या अकरातला."

"मी मानत नाई."

तू हसलास. "नोको मानू. तुले गरज नाई."

मला वाटलं, माझी टर उडवतोस. मी म्हटलं, बरा हो आधी, मग भांडू. त्या वेळी सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण वैनी चहा घेऊन आली आणि मी चहा प्यायलो.

तू गेलास त्या सकाळी वैनीनं कपाटातून पांढरं कापड काढलं. तू ते आधीच कापून ठेवलं होतंस. खडूनं खुणा केलेल्या, गळा कोरलेला, पाठीचा भाग मोकळा. स्वतःचं माप तू स्वतःच कधी घेतलंस कोण जाणे. वैनी म्हणाली, "भाऊजी, तुमीच सिवा. गावात दुसऱ्या कोनाले ते येत नाई. तुमी पायलं हाये त्याइले सिवताना." मी दारात बसलो. आत बायका रडत होत्या, मागच्या रुळावरून एक मालगाडी चालली होती आणि तिला डबे तरी किती. मी सुई ओवली. तू नव्हतास म्हणायला, आज नको मारू. मी मारली. घट्ट. आणि मग वेडेवाकडे टाके घालत तुझा सदरा शिवला. वाईट शिवला रे. तुला अंगाला लावतानाही लाज वाटली असती.

आता आजचं. वैनीनं चावी दिली आणि तिच्यासोबत एक गठडी. "हे तुमच्यासाठी ठेवलं होतं. मनत होते, मी गेलो का देजो, आधी नोको." गठडीत माझा कोट होता, लाल बाजू वर, घडी घातलेला. मी तो घेऊन दुकानात आलो, शटर वर केलं आणि तुझ्यासारखंच आधी खुंटीकडे बघितलं.

तुझ्या कोटाची एक बाही लाल होती आणि एक मातकट.

अंग अर्धं उलटलेलं. डावी बाजू उलटून बाहेर आलेली, उजवी तशीच लाल. मधे कापडाचा पीळ पडलेला, जसं कुणी काढता काढता अडकलंय. मी रस्त्यावर येऊन उभा राहिलो. ऊन रणरणत होतं, समोरच्या पानठेल्यावर रेडिओ चालू होता, सगळं जसंच्या तसं होतं. वैनीला फोन केला. तिनं सांगितलं की दवाखान्यात जायच्या दिवशी तू स्वतः शटर ओढलंस, त्यानंतर चावी तिच्या कमरेलाच होती. दुकानात कुणी गेलं नाही.

मी आत आलो आणि तुझ्या स्टुलावर बसलो. शिक्षकाचं डोकं आहे, ते कारणं शोधत होतं. उंदीर. कापडाचं आकसणं. तूच जाण्याआधी अर्धवट सोडलं असशील. तिन्ही कारणं मी मनातल्या मनात फळ्यावर लिहिली आणि पुसली. मग हाताला चाळा म्हणून मांडीवरचा माझा कोट चाचपायला लागलो. खांद्याच्या शिवणीवर बोट फिरत होतं आणि थांबलं. दोन कापडांच्या मधे, आत, मोहरीच्या दाण्याएवढं काहीतरी टोचलं. पुढे दुसरं. मग तिसरं. दोन्ही बाह्यांना गोल, बोटाबोटाच्या अंतरावर गाठी. वरून बघितलं तर लाल बाजूनं दिसत नाहीत, मातकट बाजूनं दिसत नाहीत. म्हणजे गाठ लपवायला जागा होती. तुला ती ठाऊक होती. इतकी वर्षं मी तुझ्याशी जे भांडत होतो ते खोटं आहे हे तुला माहीत होतं, आणि त्याचा पुरावा तुझ्या घरी या गठडीत पडून होता. तू काढून दाखवला नाहीस. दाखवला असतास तर पुढचा प्रश्न मी विचारलाच असता, की मग बाकीच्या दहांना का नाही मारलीस. आणि त्याचं उत्तर मी होतो.

तेच सांगायचं होतं. ऐक.

त्या दुपारी तू घामाघूम होऊन बसला होतास. तीन कोट झाले होते, आठ बाकी. मला घरी जायची घाई होती. मी सुई तुझ्या हातात दिली आणि मस्करीत म्हणालो, "अबे, हे अकराही मरनारच हायेत ना शेवटी? मंग मयताचंच काम समज. गाठी कायले मारतं? येळ वाचते." मुंबईवाला तिथे नव्हता. त्यानं कहाणी सांगितली होती, पण मयताचं शिव असं तो कधीच म्हणाला नव्हता. त्याला तुमची रीत काय माहीत? मी म्हणालो. रीतीची टिंगल म्हणून म्हणालो. तू माझ्याकडे एकदा बघितलंस, कैची उचललीस आणि मी मारलेली गाठ कच्चकन कापून टाकलीस. आधीच्या तिन्ही कोटांच्या गाठीही तू त्या संध्याकाळी कापल्या असणार. मी हसत घरी गेलो.

नंतर बाह्या सुटल्या, बुधराम गेला, गाव कुजबुजायला लागलं, आणि तू सगळ्यांना मुंबईवाल्याचं नाव सांगत राहिलास. तुला आठवत नव्हतं असं नाही. तू माझं नाव घेतलं नाहीस. मी मात्र समोर बसून तुला वेड्यात काढत राहिलो. माझ्या एका पाचकळ बोलण्याचं ओझं तू उचलून वागवलंस आणि ज्यानं ते बोलून ठेवलं त्याच्याच कोटाला तेवढ्या गाठी मारल्यास. गाठीनं काही होत नाही, असं मी अजूनही म्हणतो. पण तुझ्या मनाला जो घोर लागला तो माझ्यामुळे लागला. मी चुकलो, श्रावण. तू कुणालाही मारलं नाहीस. हे एवढं वाक्य तुला हवं होतं, आणि मी तुला हिशेब समजावत बसलो.

हे सगळं मी दुकानातच, तुझ्या कोटाकडे बघत, मोठ्यानं बोललो. सांगून झालं.

मग मी उठलो. तुझा कोट खुंटीवरून खाली घेतला. उजव्या बाहीत आतून हात घातला, टोक धरलं आणि ओढलं. मला वाटलं होतं, जोर लावावा लागेल. काहीच लागला नाही. बाही सरळ आली. कोट पूर्ण मातकट झाला, बटणं लावली, खुंटीवर परत टांगला. त्याच वेळी मशीनचं चाक अर्धा फेरा फिरून थांबलं. मागून गाडी गेली होती का, ते मी ऐकलं नाही. खोटं कशाला सांगू?

शटर ओढून चावी वैनीला देऊन आलो. माझा कोट माझ्याजवळ आहे, खाटेवर, लाल बाजू वर. मघापासून त्याच्या शिवणीवरून बोट फिरवत हे लिहितोय. पक्क्या आहेत बे तुझ्या गाठी, माझ्याच्यानं सुटायच्या नाहीत. माझी वेळ झाली की सोडवायला तुलाच यावं लागेल. सुई मी ओवून ठेवीन.